कॉन्डोरच्या मागावर: ग्रँड कॅन्यन ते झायन

गुरुवार : फीनिक्स ते साउथ रिम

माझा भाचा ओंकार फीनिक्सला असतो. त्याची जुनी तक्रार आहे, "मामा, तू इथे येतोस आणि आमच्या मागच्या कालव्यावरची बदकं बघत बसतोस. लोक कुठून कुठून ग्रँड कॅन्यन बघायला येतात." या खेपेला मी म्हटलं, चल, पण रस्ता मी ठरवणार. मला बघायचा होता कॅलिफोर्निया कॉन्डोर, म्हणजे तिकडचं अवाढव्य गिधाड. एकेकाळी निसर्गातून पुरता नाहीसा झालेला, पिंजऱ्यात वाढवून पुन्हा आकाशात सोडलेला हा पक्षी ज्या पट्ट्यात फिरतो, तो ग्रँड कॅन्यनवरून पुढे युटामधल्या झायनपर्यंत जातो. ओंकारने नकाशा पाहिला, चार दिवसांची रजा टाकली, भाचेसुनेने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीच्या एका पहाटे आम्ही निघालो.

फीनिक्सच्या वाळवंटातून रस्ता चढत जातो. निवडुंग मागे पडतात, पाइनची झाडं सुरू होतात. विल्यम्स नावाचं छोटं गाव लागलं तेव्हा मी गाडी थांबवायला लावली. बघण्यासारखं तिथे मला तरी काही दिसलं नाही. पण १९२४ साली या गावाजवळ एक कॉन्डोर दिसला आणि त्यानंतर सत्तरहून जास्त वर्षं अ‍ॅरिझोनात एकही दिसला नाही. "म्हणजे नसलेला पक्षी बघायला आपण थांबलोय," ओंकार म्हणाला. कॉफी मात्र चांगली मिळाली.

पुढच्या तासाभरात त्याला सगळी कथा सांगितली. हिमयुगात हा पक्षी खंडभर होता. मॅमथसारखी अजस्र जनावरं मरायची आणि हे त्यांच्यावर जगायचे. ग्रँड कॅन्यनच्या गुहांमध्ये त्यांची हजारो वर्षांपूर्वीची हाडं, पिसं, अंड्यांची टरफलं सापडली आहेत. ती जनावरं संपली तसा कॉन्डोरचा मुलूख आक्रसत पॅसिफिक किनाऱ्यापुरता उरला. मग गोळ्या, विषारी आमिषं, विजेच्या तारा आणि शिसं. १९८२ साली जगात २२ पक्षी शिल्लक होते. १९८४-८५च्या हिवाळ्यात उरलेल्या रानटी पक्ष्यांतले सहा नाहीसे झाले, तेव्हा सरकारने ठरवलं, सगळेच पकडायचे. यावर मोठं भांडण झालं. नॅशनल ऑडुबॉन सोसायटीसारखी पक्ष्यांसाठीच काम करणारी संस्था कोर्टात गेली. रानात एकही पक्षी उरला नाही तर त्याचं रान कोण वाचवणार, हा त्यांचा मुद्दा मला आजही बिनतोड वाटतो. पण १९ एप्रिल १९८७ रोजी एसी-९ नावाने नोंदलेला शेवटचा नर जाळ्यात आला. आता जगातले सगळे २७ कॉन्डोर पिंजऱ्यात होते आणि आकाशात शून्य.

साउथ रिमवर, म्हणजे ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावर, दुपारी पोचलो. दरीचं वर्णन मी करणार नाही, ते शेकडो जणांनी केलंय आणि कोणालाच जमलेलं नाही. लुकआउट स्टुडिओच्या खालच्या कड्यांवर उन्हाळ्यात कॉन्डोर हमखास बसतात, असं तिथल्या रेंजरबाईंनी सांगितलं. आम्हाला डोमकावळे दिसले, पुष्कळ दिसले. त्यातल्या एकाने ओंकारच्या हातातली दशमी जवळजवळ नेलीच होती. शेजारचे एक काका टर्की व्हल्चर या दुसऱ्या गिधाडाकडे बोट दाखवून बायकोला "कॉन्डोर, कॉन्डोर" म्हणत होते. टर्की व्हल्चर पंख इंग्रजी व्हीसारखे वर धरून डुलत उडतो. कॉन्डोर पंख सपाट धरतो आणि हलत नाही. मी गप्प राहिलो. त्यांचा आनंद खरा होता.

शुक्रवार : डेझर्ट व्ह्यू, कॅमेरून, नवाहो ब्रिज

सकाळी कड्याकडेने पूर्वेला निघालो. डेझर्ट व्ह्यूच्या मनोऱ्यापाशी अर्धा तास, मग उतार आणि नवाहो या तिथल्या आदिवासींचा मुलूख. कॅमेरूनच्या ट्रेडिंग पोस्टमध्ये जेवलो. तिथला प्रसिद्ध 'नवाहो टाको' म्हणजे परातीएवढ्या तळलेल्या पोळीवर राजमा, चीज आणि कोशिंबीर. मांसाशिवाय द्या म्हटलं तर वाढणाऱ्या मुलीने भुवया उंचावल्या, पण दिला. दोघांत एक पुरून उरला.

इथे घड्याळाचा घोळ सुरू होतो. अ‍ॅरिझोना राज्य उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, नवाहो मुलूख करतो. त्यामुळे मोबाइल कधी दोन दाखवतो, कधी तीन. नवाहो ब्रिजवर तर एका टोकाला एक वेळ आणि दुसऱ्या टोकाला दुसरी. ओंकार ते बघायला दोनदा पूल ओलांडून आला.

पूल खरं तर दोन आहेत, शेजारी शेजारी. १९२९चा जुना आता पायी चालणाऱ्यांसाठी ठेवलाय. १९९५चा नवा गाड्यांसाठी. खाली साडेचारशे फुटांहून जास्त खोल कोलोराडो नदी, हिरवट पाणी, आणि त्यात प्रवाशांचे रबरी तराफे ठिपक्यांएवढे. पूर्वेच्या टोकाला नवाहो बायका चांदी-फिरोजाचे दागिने मांडून बसलेल्या. त्यांतल्या एका आजींना विचारलं, कॉन्डोर? त्यांनी मान वर न करता नव्या पुलाच्या खालच्या पोलादी कमानीकडे बोट केलं.

तीन बसले होते. तुळईच्या सांध्यात, सावलीत. पहिल्या क्षणी मला ते पुलाचाच भाग वाटले. मग एकाने मान वळवली. मोठ्या पक्ष्याचं डोकं बोडकं, केशरी-गुलाबी. दुसऱ्या दोघांची डोकी काळपट, म्हणजे अजून पोरवयातले. रंग पूर्ण यायला सहा-सात वर्षं लागतात, आणि वयात यायलाही तेवढीच. जोडी जमली की दोन वर्षांत एक अंडं. माणसाच्या तावडीतून सुटला तर पन्नास-साठ वर्षं जगणारा हा पक्षी, त्यामुळे त्याला कधी घाई करावी लागली नव्हती. मारणारे आले तेव्हा हाच हिशेब त्याच्या मुळावर उठला.

प्रत्येकाच्या पंखावर आकड्याचा बिल्ला. मोठ्याच्या बिल्ल्यावरचा शेवटचा आकडा पिसाआड गेला होता. बिल्ल्यावरून पक्ष्याची सगळी कुंडली संकेतस्थळावर शोधता येते, म्हणून ओंकार कठड्यावरून वाकून वाकून वाचायचा प्रयत्न करत होता. शेजारी जर्मन जोडपं, त्यांच्याकडे मोठी दुर्बीण, त्यांनाही जमेना. सगळ्यांनी मिळून अर्धा तास एका पिसाची वाट पाहिली. ते पीस हललं नाही, पण पक्षी उडाला.

उडाला म्हणजे त्याने फक्त पंख उघडले आणि पुढे झुकला. साडेनऊ फुटांचा तो विस्तार आमच्या पायांखालून निघाला, नदीच्या वळणापर्यंत गेला, ऊन तापलेल्या कड्यावरची हवा पकडली आणि परत आमच्या डोक्यावर आला, मध्ये पंख एकदाही न मारता. पंखांखालचे पांढरे त्रिकोण स्वच्छ दिसले. कॉन्डोरला आवाजाची पेटीच नसते, तो फुत्कारतो किंवा गुरगुरतो एवढंच. पण जवळून जाताना पंखांतून वारा कापल्याचा जो आवाज येतो, तो मी आधी फक्त वाचला होता. ओंकारच्या तोंडून जे निघालं ते इथे लिहिता येणार नाही.

संध्याकाळी मार्बल कॅन्यनच्या लॉजवर बसून त्याने विचारलं, सत्तावीसचे इतके झाले कसे? हा भाग मला फार आवडतो. लॉस एंजेलिस आणि सान डिएगोच्या प्राणिसंग्रहालयांनी सुरुवात केली. अंडं फुटलं किंवा हरवलं तर मादी पुन्हा घालते, हे ठाऊक होतं. म्हणून पहिलं अंडं उचलून उबवणी यंत्रात ठेवायचं, मादी दुसरं घालते, कधी तिसरंही. दोन वर्षांत एकाचा पक्षी वर्षात दोन-तीन द्यायला लागला. पिंजऱ्यातल्याच जोडीच्या अंड्यातून आलेलं पहिलं पिल्लू, मोलोको, एप्रिल १९८८मध्ये सान डिएगोला जन्मलं. यंत्रातून निघालेल्या पिल्लांना माणसाची सवय लागू नये म्हणून कॉन्डोरच्या डोक्याची चामडी बाहुली हातात घालून भरवायचे. १९९३पासून पेरेग्रिन फंड या संस्थेचं आयडाहोतल्या बॉइझीचं केंद्रही यात उतरलं.

जोड्या जमवणं हे वेगळंच प्रकरण. २७ पक्ष्यांमधले वंशाला मूळ ठरणारे मोजके १४. त्यामुळे प्रत्येक पक्ष्याची वंशावळ एका नोंदवहीत असते, आणि कोणाचं कोणाशी लावायचं हे ती वही उघडून ठरतं. आपल्याकडे स्थळ आलं की आजी आधी गोत्र विचारायची, तसंच. गंमत नाही यात. एका मूळ घराण्यातून आलेल्या दोषामुळे काही पिल्लं खुरटलेल्या हाडांची होऊन अंड्यातच मरत, आणि असा दोष दोन्हीकडून एकत्र येऊ द्यायचा नसतो. एवढी काटेकोर वही ठेवूनही पक्ष्यांनी २०२१ साली संशोधकांना चकवलं. सान डिएगोच्या जनुकीय तपासणीत दोन पिल्लं अशी निघाली की त्यांना बापच नव्हता. माद्यांजवळ नर असूनही अंडी नराविना फळली होती.

"आणि सोडले ते सगळे जगले?" नाही. जानेवारी १९९२मध्ये कॅलिफोर्नियात पहिले दोन सोडले. त्यातला एक त्याच वर्षी गाडीत घालायचं गोठणरोधक द्रव पिऊन मेला. काही विजेच्या तारांवर आदळले. बाहुलीने वाढवलेली पोरं छपरांवर, माणसांच्या आसपास रेंगाळायची, कारण त्यांना टोचा मारून शिस्त लावणारं कोणी मोठं नव्हतंच. मग पिंजऱ्यात खोटे विजेचे खांब उभारले. त्यावर बसलं की हलका झटका. पिल्लं शक्य तिथे आईबापांकडेच वाढवायला लागले आणि सोडण्याआधी पिंजऱ्यात एखादा वयस्क पक्षी गुरू म्हणून ठेवायला लागले. ओंकार सॉफ्टवेअरवाला आहे. तो म्हणाला, "म्हणजे आधी लाइव्ह केलं, मग टेस्टिंग." हसलो खरं, पण २७ शिल्लक असताना टेस्टिंग करायला वेगळे पक्षी आणायचे कुठून? तरी त्यांनी तेही केलं होतं. दक्षिण अमेरिकेतल्या अँडियन कॉन्डोरच्या फक्त माद्या आणून आधी कॅलिफोर्नियात सोडून पाहिल्या आणि काम झाल्यावर पुन्हा पकडल्या. नर नसल्यामुळे परका वंश तिथे वाढण्याची भीती नव्हती.

शनिवार : व्हर्मिलियन क्लिफ्स, जेकब लेक

आजचा दिवस मुख्य. पुलापासून पश्चिमेला अर्धा-पाऊण तास, उजव्या हाताला सतत तांबडे कडे. मग हाउस रॉक व्हॅलीचा कच्चा रस्ता, दोन-तीन मैल धुरळा, आणि उघड्या माळावर एक छप्पर, माहितीफलक, बाक. समोर कडा. त्याच्या माथ्यावर सोडण्याआधी पक्ष्यांना ठेवायचा पिंजरा आहे, खालून दुर्बिणीतून कळेल न कळेल इतका लहान. पण जागा ओळखायला अडचण येत नाही, कारण कड्यावरून पांढरे ओघळ उतरलेत, वर्षानुवर्षांच्या विष्ठेचे. आपल्याकडे रायगड जिल्ह्यातल्या गिधाडांच्या कड्यांवरही हीच खूण शोधतात.

१२ डिसेंबर १९९६ रोजी इथून सहा कॉन्डोर सोडले. दर वर्षी सप्टेंबरअखेरीस तरुण पक्षी सोडायचा जाहीर कार्यक्रम होतो आणि शेकडो माणसं खालच्या माळावर खुर्च्या टाकून बसतात. आम्ही गर्दी पांगल्यावर पोचलो, त्याचा फायदा झाला. कड्यावर नऊ पक्षी होते आणि आमच्याशिवाय बघणारा एकच, फिनिक्सकडचा एक निवृत्त शिक्षक. त्याच्या दुर्बिणीतून आम्ही आळीपाळीने बघितलं. नुकती सोडलेली पोरं पिंजऱ्याच्या आसपासच होती. उडायची, कड्याला वळसा घालून परत यायची, उतरताना धडपडायची. मोठा पक्षी आला की जागा सोडून सरकायची. पिंजऱ्याजवळ रात्री डेअरीतली मेलेली वासरं नेऊन टाकतात. रात्री अशासाठी, की खाणं माणूस आणतो हे पक्ष्याला कळू नये.

इथे सोडलेल्या पक्ष्यांचा कायद्यातला दर्जा 'अनावश्यक प्रायोगिक समूह' असा आहे. वाचून राग आला होता. शिक्षकाने समजावलं: आसपासचे पशुपालक आणि गावं घाबरली होती, की संकटग्रस्त पक्षी आला म्हणजे चराई बंद, रस्ते बंद. या दर्जामुळे पक्ष्याला संरक्षण राहतं आणि लोकांच्या जमिनीवर बंधनं येत नाहीत. म्हणजे लोकांनी पक्षी येऊ द्यावा म्हणून कागदावर त्याला 'अनावश्यक' म्हटलं. एवढा शिक्का सोसून नऊ कॉन्डोर समोर बसत असतील तर माझी हरकत नाही.

पण त्याने पुढे जे सांगितलं त्याने मजा गेली. इथल्या पक्ष्यांना वर्षातून एक-दोनदा पकडतात. सापळ्याचा पिंजरा असतो, आत मेलेलं जनावर. पकडून रक्त काढायचं आणि शिसं मोजायचं. जास्त निघालं तर दवाखान्यात. रक्तातलं शिसं ओढून घेणारी इंजेक्शनं दिवसामागून दिवस द्यायची, बरा झाला की पुन्हा सोडायचा. तोच पक्षी पुढच्या हिवाळ्यात पुन्हा भरती होऊ शकतो.

शिसं येतं शिकाऱ्यांच्या गोळ्यांतून. शिशाची गोळी हरणात घुसली की फुटते, मोहरीएवढे आणि त्याहून बारीक तुकडे मांसात लांबवर पसरतात. एक्स-रे काढला तर एका जनावरात शेकडो ठिपके दिसू शकतात. शिकारी तिथेच आतडी काढून टाकतो, धड घेऊन जातो. कॉन्डोर ती आतडी खातो. शिशाने त्याची पचनसंस्था लुळी पडते. गळ्याच्या पिशवीत अन्न भरलेलं असतं आणि पक्षी उपाशी मरतो. ज्यांच्या मृत्यूचं कारण कळलं अशा रानातल्या कॉन्डोरपैकी निम्मे शिशाने मेलेले आहेत.

हे ऐकताना मला दुसरी गिधाडं दिसत होती. माझ्या लहानपणी गावाबाहेर मेलेली ढोरं टाकायच्या जागेवर पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं डझनांनी उतरायची. तासा-दोन तासात बैलाचा सांगाडा. नव्वदच्या दशकात ती भराभर गेली. भरतपूरला विभू प्रकाश यांच्या लक्षात हे सगळ्यात आधी आलं. कारण सापडायला मात्र २००३-०४ उजाडावं लागलं: ढोरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक. ते अंगात असलेलं जनावर मेलं आणि गिधाडाने खाल्लं, की त्याची मूत्रपिंडं निकामी होतात. पाकिस्तानात मेलेल्या गिधाडांवर काम करून हे शोधणारे लिंडसे ओक्स अमेरिकेतले, आणि ते काम ज्या संस्थेच्या प्रकल्पात झालं ती पेरेग्रिन फंड. म्हणजे समोरच्या कड्यावरचे पक्षी सोडणारी तीच संस्था. हे मी शिक्षकाला सांगितलं तर तो दुर्बीण सोडून माझ्याकडे बघायला लागला. त्याला भारतातली गिधाडं गेल्याचं माहीत होतं, हा धागा माहीत नव्हता.

दुपारी रस्ता काइबाब पठारावर चढला. दीड तासापूर्वी वाळवंट, आता थंड पाइनवन आणि पिवळे झालेले अ‍ॅस्पेन. जेकब लेकच्या खानावळीत कुकीज प्रसिद्ध आहेत, त्या घेतल्या. पांढऱ्या शेपटीची काइबाब खार दिसली, मूळची फक्त याच पठारावरची. ओंकारने तिचा फोटो काढला आणि म्हणाला, हा खरा पक्षी. त्याला बाकी दिवस चिडवायला मला एवढं पुरलं.

खानावळीच्या पायरीवर केशरी टोपी घातलेला एक शिकारी बसला होता. माझा शिकाऱ्यांबद्दल जो ग्रह होता तो सांगायची गरज नाही. बोलायला लागलो. तो तांब्याच्या गोळ्या वापरतो. अ‍ॅरिझोनाचं वन्यजीव खातं २००५पासून या भागात परवाना मिळालेल्या शिकाऱ्यांना बिनशिशाच्या गोळ्या फुकट देत आलंय. आणि ज्याने शिशाची वापरली, त्याने आतडी पिशवीत भरून बाहेर आणून दिली तर सोडतीत नाव घालतात. सक्ती नाही. तरी दहातले आठ-नऊ शिकारी या ना त्या प्रकारे साथ देतात. याने का बदल केला? कॉन्डोरसाठी नाही, असं त्याने स्वच्छ सांगितलं. त्याने एकदा शिकारीच्या मांसाचा एक्स-रे पाहिला. "मी ते माझ्या मुलींना खायला घालत होतो." तांब्याची गोळी फुलते पण फुटत नाही, पाकिटाला जरा जास्त भाव पडतो, एवढंच.

खाली युटातल्या कानाब गावाकडे उतरताना आमचा वाद झाला. ओंकार म्हणाला, लोकांना पटवून जास्त होतं, बघितलंस ना. मी बंदीच्या बाजूचा. भारताने २००६मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी घातली, मेलॉक्सिकॅम हा सुरक्षित पर्याय होता म्हणून ती टिकली. "टिकली?" त्याने विचारलं. आता इथे माझी पंचाईत. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या ढोरांना टोचल्या जात राहिल्या, म्हणून २०१५मध्ये इंजेक्शन तीन मिलीच्या कुपीपुरतं आणावं लागलं. इकडे कॅलिफोर्नियानेही कॉन्डोरच्या मुलखात आधी आणि १ जुलै २०१९पासून राज्यभर शिकारीसाठी शिशाच्या गोळ्या बंद केल्या. तिथले कॉन्डोर अजून शिशाने आजारी पडतात. पण एक फरक मला सोडता येत नाही. औषध कारखान्यातून येतं, तिथे नळ बंद करता येतो. गोळ्यांचे डबे घराघरांतल्या कपाटांत वर्षानुवर्षं पडून असतात. दहातला उरलेला एक शिकारी पुरतो, कारण एका आतड्यांच्या ढिगावर पंधरा-वीस कॉन्डोर एकत्र बसतात. तेव्हा बंदीही हवी आणि जेकब लेकच्या पायरीवरचं बोलणंही. ओंकारला हे मामाने हरल्यावर काढलेलं समेटाचं वाक्य वाटलं.

रविवार : झायन

कानाबहून निघून मैलभर लांबीच्या जुन्या बोगद्यातून झायनमध्ये उतरलो. रविवार असल्यामुळे गाडी लावायला पाऊण तास. आत उद्यानाची बस. एंजल्स लँडिंगच्या प्रसिद्ध कड्यावर चढायला आता सोडतीतून परवाना काढावा लागतो, आमचा नंबर लागला नव्हता. माझ्या गुडघ्यांनी देवाचे आभार मानले.

बिग बेंडच्या थांब्यावर उतरून मान वर करून बसलो. याच भिंतीतल्या एका कपारीत २०१९ साली एका रानटी जोडीचं पिल्लू निघालं आणि सप्टेंबरअखेरीस उडालं. सगळं संवर्धन सुरू झाल्यापासूनच्या नोंदीत ते हजारावं पिल्लू. २२ वरून, २७ वरून, हजार. आज हयात साडेपाचशेच्या वर आहेत आणि त्यातले निम्म्याहून जास्त मोकळ्या आकाशात. हजारांतले बाकीचे कुठे गेले, त्याचं बरंचसं उत्तर काल मिळालं होतं.

सगळं उत्तर नाही. २०२३च्या मार्च-एप्रिलमध्ये या अ‍ॅरिझोना-युटाच्या थव्यात बर्ड फ्लू शिरला. थवा साधारण ११६चा होता, २१ पक्षी गेले. उरलेले पकडायचे की नाहीत, पकडले तर एकत्र ठेवून साथ वाढेल का, सगळे प्रश्न एकदम उभे राहिले. मेमध्ये सरकारने कोंबड्यांची लस कॉन्डोरवर वापरायला तातडीची परवानगी दिली. आता पिंजऱ्यातून सुटण्याआधी बिल्ला आणि ट्रान्समीटर यांच्याबरोबर लसही.

दोन तास काही नाही. ऊन भिंतीवर आल्यावर एक कॉन्डोर कड्याच्या कडेने निघाला, मग दुसरा. दोघांची डोकी केशरी. एकामागून एक, तीच वळणं, तेच अंतर ठेवून पाच-सहा घिरट्या मारल्या. जोडी असावी, कॉन्डोर वर्षानुवर्षं एकाच जोडीदाराबरोबर राहतात. शेजारच्या एका छोट्या मुलीने आईला विचारलं, त्यांना नंबर का दिलेत? आईने सांगितलं, हरवू नयेत म्हणून. बरोबरच आहे.

तिथून लास व्हेगासचा विमानतळ तीन तासांवर. गाडीत ओंकारने फोनवर पुनर्वसनाची योजना शोधून काढली होती. १९९६च्या आराखड्याप्रमाणे रानात दोन वेगवेगळे समूह हवेत, प्रत्येकी १५० पक्ष्यांचे, त्यात किमान १५ विणीच्या जोड्या. शिवाय पिंजऱ्यात १५० राखीव.

"म्हणजे इथले दीडशे झाले की प्रकल्प संपला?"

"आकडा भरेल. पण तो समूह स्वतःच्या बळावर वाढता हवा, असंही लिहिलंय बघ खाली. रक्त तपासणं थांबवून तो वाढला पाहिजे."

"मग ते कधी?"

"त्या टोपीवाल्याला विचारायला हवं होतं."

तो जरा वेळाने म्हणाला, "मामा, आपल्याकडे पण सोडतात ना गिधाडं?" हो. हरयाणातल्या पिंजोरच्या केंद्रात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने वाढवलेली गिधाडं २०२४च्या जानेवारीत आपल्या वनखात्याने पेंच आणि ताडोबात आणली. तिथे मोठ्या पिंजऱ्यात रुळवायचं, मग ट्रान्समीटर लावून सोडायचं. आसपासच्या औषध दुकानांत ढोरांसाठी काय विकलं जातं ते तपासायचं, हेही त्यातलंच काम. पुढच्या डिसेंबरात तो पुण्याला येणार आहे, तेव्हा आम्ही नागपूरची तिकिटं काढणार आहोत. भाचेसुनेने आत्ताच सांगून ठेवलंय, या वेळी तीही येणार आणि वाघ दिसल्याशिवाय कोणी गिधाडाकडे बघायचं नाही.